आईच्या पत्रिकेतली एकोणचाळीस मिनिटे

गेल्या चैत्रात माझा भाचा आमच्याकडे आला होता. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणे हा त्याचा व्यवसाय. आजीच्या वाढदिवसाला तिची जुनी पत्रिका संगणकावर नव्याने मांडून द्यावी, असे त्याच्या मनात आले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मामा, पणजोबांनी वेळ चुकीची लिहिली आहे."

पत्रिकेत होते : गिरगाव, १९३८, सकाळी ६ वाजून ५ मिनिटे, सूर्योदयानंतर एक घटी. घटी म्हणजे चोवीस मिनिटे. संगणक मात्र म्हणत होता, त्या वेळी सूर्य उगवलाच नव्हता! आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. वडिलांच्या हातचा तेवढा एकच कागद तिच्यापाशी उरला आहे.

मी पत्रिका खिडकीपाशी नेली. वेळेपुढे बारीक अक्षरांत लिहिले होते, 'मुं. टा.' मुंबई टाइम!

वाचकहो, आज हे शब्द किती जणांना ठाऊक असतील? मुंबईचे स्वतःचे घड्याळ होते, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. आगगाड्या मात्र मद्रासच्या वेळेने धावत, आणि ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साडेपाच तासांची एकच प्रमाणवेळ लागू केली. पण वरून आलेले हे घड्याळ मुंबईला मानवले नाही. शहरात जुनी वेळ सुमारे १९५५ पर्यंत टिकून राहिली. दोहोंतले अंतर एकोणचाळीस मिनिटांचे.

संगणकाला हे कसे ठाऊक असणार? युनिक्स पद्धतीचा संगणक काळ मोजतो तो १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचमधल्या मध्यरात्रीपासून, नुसत्या सेकंदांत. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्यापूर्वीचा काळ त्याला उणे आकड्यांत. तारीख हा त्या आकड्यावर चढवलेला पोशाख. '०४-०५' हे आपण चार मे वाचतो, अमेरिकन माणूस पाच एप्रिल. म्हणून १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानकाने आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठरवून दिला. वेळेचा पोशाख ठरवताना संगणक जगभरच्या घड्याळांची एक वही पाहतो. त्या वहीत भारताच्या नावे नोंद एकच, कोलकात्याची. मुंबईचा हट्ट तिच्यात नाही.

भाच्याने एकोणचाळीस मिनिटे मिळवली. ६ वाजून ४४ मिनिटे झाली, आणि सूर्य बरोबर एक घटी वर आला.

"आमच्या बाबांचं घड्याळ कधी चुकत नसे," आई म्हणाली. भाच्याने वाकून तिला नमस्कार केला. नव्या पत्रिकेत त्याने दोन्ही वेळा लिहिल्या, आणि पहिलीपुढे आठवणीने 'मुं. टा.' घातले.