उंबरठ्याची भीती

मनोविकारांच्या उपचारांच्या इतिहासात कर्जतचे नाव आले ते एका पुनर्वसन केंद्रामुळे. डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याने १९८८ साली स्थापिलेल्या ‘श्रद्धा’ संस्थेचे हे केंद्र २००६ साली येथे सुरू झाले. घर सुटून रस्तोरस्ती भटकणाऱ्या मनोरुग्णांस आणावे, औषधोपचाराने सावरावे आणि त्यांच्या माणसांत पोहोचवावे, हे त्याचे कार्य. त्याबद्दल डॉ. भरत वाटवानी यांस २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. रस्त्यावरचा रुग्ण निदान येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीस पडतो. परंतु असाही एक मनोविकार आहे, की ज्याने ग्रासलेला मनुष्य घराचा उंबरठाच ओलांडीत नाही. आणि म्हणूनच तो कोणास दिसत नाही.

या विकारास शास्त्रीय नाव मिळाले ते १८७१ च्या सुमारास, बर्लिन येथे. कार्ल वेस्टफाल या वैद्यांनी तीन पुरुषांची हकिकत नोंदविली. मोकळा चौक ओलांडण्याची वेळ आली, की त्यांच्या काळजात धडकी भरे. सोबतीस कोणी असले, की तीच वाट सुसह्य होई. ‘अगोरा’ म्हणजे प्राचीन ग्रीकांचा बाजारचौक. त्यावरून वेस्टफाल यांनी ‘अगोराफोबिया’ हे नाव योजिले. ‘मोकळ्या जागेची भीती’ हा त्याचा रूढ अर्थ मात्र अपुरा आहे. भरलेला बाजार, आगगाडीचा डबा, देवळातील रांग, येथेही ही भीती माणसास गाठते. छाती धडधडू लागली, श्वास कोंडला, भोवळ आली, तर येथून सुटका नाही आणि मदतीसही कोणी नाही, ही कल्पनाच त्या भीतीचे मूळ होय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपचारांस निश्चित दिशा लाभली. दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, शरीर शिथिल करून भीतीस पायरीपायरीने सामोरे जाण्याची रीत मांडली. लंडनमध्ये आयझॅक मार्क्स यांनी भीतीच्या जागी प्रत्यक्ष जाऊन ती ओसरेपर्यंत थांबण्यावर भर दिला. न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड क्लाइन यांना असे आढळले, की औषधाने भीतीचे अकस्मात येणारे झटके थांबतात; तथापि बाहेर जाण्याची धास्ती मागे उरते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. वाहिया व त्यांचे सहकारी यांनी पातंजल योगाच्या आधारे चिंताग्रस्त रुग्णांवर उपचार केले. या साऱ्या खटाटोपातून एक गोष्ट स्पष्ट झाली. माघार घेतली, की तत्काळ हायसे वाटते; आणि ते हायसे वाटणेच भीतीचे खाद्य होते.

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, आणि येथेच खरी मेख आहे. कर्ता पुरुष कामावर जाईनासा झाला, तर घरात चिंता पसरते. सून बाजारात, माहेरी, लग्नकार्यास जाईनाशी झाली, तर ‘घरात रमणारी’ म्हणून तिची वाखाणणी होते. मुलगा भाजी आणून देतो, नवरा औषध आणतो. आणि मायेपोटी चाललेल्या या सेवेने तिच्या भोवतीची भिंत वर्षानुवर्षे उंच होत जाते.

मग सोबत द्यावी तरी कशी? बोरघाटातून आगगाडी १८६३ साली धावू लागली. कर्जतहून घाट चढणाऱ्या अनेक गाड्यांस पाठीमागे जादा इंजिन जोडतात. ते गाडी वर रेटते आणि लोणावळ्यास सुटते. सोबत अशीच असावी. वैद्याच्या सल्ल्याने प्रथम अंगणापर्यंत, मग नाक्यापर्यंत, पुढे स्टेशनापर्यंत जावे. एके दिवशी खोपोलीच्या गाडीत बसून पळसदरीस उतरावे. भीती चढते, काही वेळ टिकते आणि पळ काढला नाही तर उतरू लागते, हे रुग्णास स्वतः अनुभवावे लागते. प्रत्येक टप्पा अनेकदा घडावा. मग सोबत्याने फलाटावर थांबावे आणि पुढे घरीच राहावे. रागे भरून ढकलणे जितके अनिष्ट, तितकेच जन्मभर हात धरून ठेवणेही.

या उपचाराचा आरंभ मात्र रुग्णालयात होत नाही. घरातील ही बाई एकटी बाहेर पडली त्यास किती दिवस झाले, असा प्रश्न ज्या घरात कोणी कधी विचारील, तेथेच तो होतो.