जीसीसीमधली मुळशीची ओळ

मुळशी म्हटलं की काय आठवतं? धरण, 1921 चा सत्याग्रह, सेनापती बापट, आणि अर्थात 'मुळशी पॅटर्न'. पण आपली आयटीवाली हिंजवडीही मुळशी तालुक्यातच आहे. आज तिथल्या एका कंपनीच्या कामाची गोष्ट.

आधी थोडं बेसिक. वॉशिंग मशीनमधल्या छोट्या चिपवर कंपायलर चालवण्याइतकी मेमरीच नसते. म्हणून प्रोग्रॅम लॅपटॉपवर कंपाइल करायचा, पण मशीन कोड मात्र त्या चिपच्या भाषेत काढायचा. हे करतो तो क्रॉस-कंपायलर. तो एकटा पुरत नाही. असेंबलर आणि लिंकर लागतात, ते बायन्युटिल्समध्ये येतात. सी लायब्ररी लागते, बरेचदा न्यूलिब. हा सगळा संच म्हणजे टूलचेन. बांधायचा क्रमही ठरलेला: आधी बायन्युटिल्स, मग लायब्ररीशिवायचा अर्धा जीसीसी, त्याने न्यूलिब, शेवटी पूर्ण जीसीसी. मी पहिल्यांदा केलं तेव्हा क्रम चुकवला आणि रात्रभर एरर वाचत बसलो!

रिचर्ड स्टॉलमनने 1987 मध्ये जीसीसी सोर्ससकट खुला केला. त्यामुळे नवी चिप आली की कोणीही त्याला तिची भाषा शिकवू शकतं. याला पोर्ट म्हणतात.

आता हिंजवडी. कीर्तने-पंडित या सीए फर्ममधून उभी राहिलेली केपीआयटी 2002 मध्ये कमिन्स इन्फोटेकशी एकत्र आली आणि केपीआयटी कमिन्स झाली. जपानच्या रेनेसास कंपनीच्या एसएच, एच8 अशा चिपसाठी ती जीएनयू टूलचेन तयार करून फुकट डाउनलोडला ठेवायची. पुढचं काम नॅशनल सेमीकंडक्टरच्या 16 बिटच्या सीआर16 चं. तिचा सपोर्ट बायन्युटिल्समध्ये आला 2007 मध्ये, आणि जीसीसीमध्ये थेट 2012 च्या 4.7 आवृत्तीत. मध्ये पाच वर्षं! त्या फाइल्सच्या सुरुवातीला कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा आहे, आणि खाली एक ओळ: हे योगदान केपीआयटी कमिन्सचं.

पण पोर्ट एकदा लिहून संपत नाही. जीसीसीच्या आतलं काही बदललं की प्रत्येक पोर्टही सुधारावा लागतो. ते करायला माणूस हवा, आणि वापरणाराही हवा. 2022 च्या जीसीसी 12 मध्ये सीआर16 'कालबाह्य' ठरला. 2023 च्या जीसीसी 13 मधून तो काढूनच टाकला.

वाईट वाटलं ना? मलाही वाटलं. पण हा कोड कुठल्या बंद पडलेल्या सर्व्हरवर हरवलेला नाही. जीसीसीच्या इतिहासात तो त्या ओळीसकट जसाच्या तसा आहे. उद्या सीआर16 वालं एखादं जुनं मशीन तुमच्या टेबलावर आलं, तर जुनी आवृत्ती उतरवून टूलचेन आजही बांधता येईल.

फक्त क्रम चुकवू नका. भेटू पुढच्या भागात!