दोन विजय

डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झालेल्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्याचा धावफलक मला नेहमीच एखाद्या संहितेसारखा वाचावासा वाटतो. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. ‘रेस्ट’ म्हणजे ‘इतर’ हा संघ पहिल्या डावात १३३ धावांत गारद झाला. त्यातल्या ५९ विजय हजारे यांच्या. फॉलोऑननंतर ‘इतरां’नी ३८७ धावा केल्या आणि त्यातल्या ३०९ पुन्हा एकट्या हजाऱ्यांच्या. हिंदू संघ एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला.

निकालाचे शेवटचे वाक्य सोडले तर हा सामना दोन संघांचा वाटतच नाही. ३८७ पैकी ३०९ म्हणजे उरलेले दहा जण आणि अवांतर धावा मिळून ७८. त्या डावात हजाऱ्यांचे बंधू विवेक यांनी त्यांच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी केली आणि त्या भागीदारीत विवेक यांचा वाटा होता २१ धावांचा. आपल्याकडे कादंबरीतल्या दुय्यम पात्रांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण दुसऱ्याला नायक होता यावे म्हणून तासन्‌तास एक टोक धरून उभे राहणाऱ्या अशा पात्राची दखल क्रिकेटच्या समीक्षेनेही फारशी घेतलेली नाही. ते असो.

या सामन्यापूर्वीची कथाही तितकीच रंजक आहे. त्याच स्पर्धेत आधीच्या सामन्यात हजाऱ्यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा केल्या होत्या. मर्चंट अंतिम सामन्यात २५० वर नाबाद राहिले, म्हणजे बरोबर दोन धावा जास्त. हजाऱ्यांनी ३०९ ने उत्तर दिले. त्याच मोसमात रणजी करंडकात महाराष्ट्राविरुद्ध खेळताना मर्चंट यांनी नाबाद ३५९ धावा काढल्या. रुसी मोदींसह त्यांनी सहाव्या जोडीसाठी ३७१ धावांची भागीदारी केली. या खेळीने मागे पडला तो नाबाद ३१६ धावांचा भारतीय उच्चांक, आणि तो कोणाचा होता? १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना हजाऱ्यांनीच तो केला होता. १९४३ पर्यंत हजारे स्वतः बडोद्याचे झाले होते, त्यामुळे आपला उच्चांक आपल्या जुन्या संघाविरुद्ध मोडला जात असताना ते मैदानात नव्हते.

ही केवळ आकड्यांची शर्यत होती, असे म्हणून विषय संपवणे सोपे आहे. मला मात्र तसे वाटत नाही. भारताने १९३६ नंतर थेट १९४६ मध्ये कसोटी सामना खेळला. मधली दहा वर्षे, त्यातली सहा महायुद्धाची, म्हणजे मर्चंट यांचे पंचविशी ते पस्तिशीचे वय आणि हजाऱ्यांचे एकविशी ते एकतिशीचे. फलंदाजाची ऐन भराची वर्षे हीच असतात. मर्चंट यांच्या वाट्याला उण्यापुऱ्या दहा कसोटी आल्या, त्याही १९३३ ते १९५१ अशा अठरा वर्षांत विखुरलेल्या. प्रथम श्रेणीतील त्यांची सरासरी ७१.६४ आहे; दीर्घ कारकीर्द असलेल्यांत तिच्यावर फक्त ब्रॅडमन. ज्यांना जगाशी तुलना करण्याची संधीच नाकारली गेली, त्यांनी स्वतःला मोजायचे कशाने? एकाला दुसऱ्याची पट्टी होती. टेंभी नाक्यावरची दहीहंडी पाहिलेल्या ठाणेकराला हे वेगळे सांगायला नको: एका पथकाने लावलेला थर हाच दुसऱ्या पथकाच्या उंचीचा हिशेब असतो.

आता ‘इतर’ या शब्दाकडे वळू. साहित्याच्या विद्यार्थ्यांना अलीकडे ‘इतर’, ‘परका’, ‘अन्य’ या संकल्पना पुस्तकांतून भेटतात. इथे तो शब्द अक्षरशः धावफलकावर रंगवलेला होता. १९१२ पासून मुंबईत पारशी, हिंदू, मुस्लिम आणि युरोपियन असे चौरंगी सामने होत. १९३७ मध्ये त्यांत पाचवा संघ आला. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू आणि ज्यांचे नाव कोणत्याच खणात बसत नव्हते अशा सर्वांचा तो संघ. सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी जन्मलेले विजय सॅम्युअल हजारे मराठी ख्रिस्ती, म्हणून ते ‘इतर’. महाराष्ट्राकडून रणजी करंडकात त्रिशतक काढणारा माणूस चर्चगेटजवळच्या त्या मैदानात उतरला की ‘इतर’ होई. महात्मा गांधींनी डिसेंबर १९४० मध्ये धर्मावर आधारलेल्या संघांना उघड विरोध दर्शवला, त्या वर्षी हिंदू संघाने माघारही घेतली; तरी स्पर्धा पुन्हा सुरू झाली आणि १९४५-४६ च्या मोसमानंतर बंद पडली ती कायमची. ज्या हिंदू संघाकडून मर्चंट खेळत, त्याच संघाने एकेकाळी पळवणकर बाळूंना जातीपायी कर्णधारपद नाकारले होते, हेही विसरता येत नाही. पाच खणांच्या या कपाटात प्रत्येक खणाला आतून आणखी कप्पे होते.

नावांचीही एक गंमत आहे. मर्चंट हे आडनाव मूळचे नव्हेच. घराणे गिरणीमालक ठाकरसींचे. शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला गेला आणि उत्तरातला व्यवसायच नावापुढे चिकटला, असे सांगतात. एक विजय गिरणीमालकाचा मुलगा, दुसरा सांगलीच्या शिक्षकाचा. एकाचे तंत्र घोटीव, लेट कटमध्ये पारंगत. दुसऱ्याच्या बॅटवरील दोन हातांत अंतर, पण बचाव अभेद्य. मोठ्या धावसंख्येची भूक मात्र दोघांची सारखीच.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्ड यांची जोडी अशीच गाजली. १९७९ च्या विद्यापीठ अंतिम सामन्यापासून ते एकमेकांसमोर उभे राहिले. एक कृष्णवर्णीय, एक गोरा, आणि प्रेक्षकांनी आपापल्या वर्णाचे ओझे त्यांच्या खांद्यावर ठेवले. १९८५ मध्ये बुटांच्या एका जाहिरातीचे चित्रीकरण इंडियानात बर्ड यांच्या घरी झाले, आईने दोघांना जेवू घातले आणि मैत्री जमली. पुढे त्यांनी मिळून पुस्तकही लिहिले. आपल्या दोन विजयांसाठी असा कॅमेरा कोणी लावला नाही. त्यांच्या मैत्रीचा दस्तऐवज शोधायचा तर पुन्हा धावफलकाकडेच जावे लागते.

नोव्हेंबर १९५१, दिल्ली. इंग्लंडविरुद्धची पहिली कसोटी. कर्णधार हजारे, मर्चंट चाळिशी ओलांडलेले आणि चार वर्षे वयाने लहान असलेल्या आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या नेतृत्वाखाली खेळणारे. (१९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे नेतृत्व मर्चंट यांच्याकडे आले होते, पण प्रकृतीमुळे त्यांना माघार घ्यावी लागली, त्या दौऱ्यात ॲडलेडच्या कसोटीत हजाऱ्यांनी ११६ आणि १४५ अशी दोन शतके केली.) दिल्लीत दोघांनी मिळून २११ धावांची भागीदारी केली. मर्चंट १५४ वर बाद झाले, तेव्हा हजाऱ्यांचा १४५ चा भारतीय कसोटी उच्चांक मोडला गेला होता. हजारे मात्र अजून खेळत होते. ते १६४ वर नाबाद राहिले. म्हणजे मर्चंट यांचा उच्चांक त्याच डावात इतिहासजमा झाला, आणि तो मोडला जाण्याची पायाभरणी त्यांनी स्वतः समोरच्या टोकाला उभे राहून केली होती. एकोणीसशे त्रेचाळीसमध्ये जे एकाआड एक घडले, ते इथे एकाच डावात, एकाच संघाच्या खात्यावर घडले. मला या दोन डावांमधला फरक म्हणजे त्या आठ वर्षांचा सर्वांत चांगला इतिहास वाटतो.

त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि त्यांची कसोटी कारकीर्द तिथेच थांबली. हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली भारताने फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला पहिला कसोटी विजय मिळवला. तरीही कर्णधारपदाचा भार पडला नसता तर हजारे फलंदाज म्हणून आणखी मोठे ठरले असते, असे मर्चंट यांचे मत होते. प्रतिस्पर्ध्याच्या उणिवेचे कारण त्याच्या बाहेर शोधण्याची ही वृत्ती समीक्षकांतही दुर्मिळ आहे.

दोघांच्या कसोटी सरासऱ्या शेजारी ठेवल्या तर मर्चंट ४७.७२ आणि हजारे ४७.६५. त्या ३५९ चे पुढे काय झाले? १९४८-४९ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या, ब्रॅडमनच्या विश्वविक्रमापासून फक्त नऊ धावा दूर असताना प्रतिपक्षाने सामना सोडून दिला, आणि कोल्हापूरच्या या फलंदाजाला एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.