बाल्टिमोरला कळलेलं जामखेड

जामखेड हे माझ्यासाठी बस बदलायचं गाव होतं. आम्ही नगर शहरातले, आजोळ जामखेडच्या पलीकडे. नगरहून जामखेडला निघालं की एसटी मध्येच बीड जिल्ह्यात शिरते, कडा आणि आष्टी घेते आणि परत नगर जिल्ह्यात येते. लहानपणी मला वाटायचं, ड्रायव्हर रस्ता चुकला. स्टँडवर उतरायचं, उसाचा रस प्यायचा, दुसरी गाडी पकडायची. एवढंच जामखेड.

2018 च्या उन्हाळ्यात मी एम. ए. करत असताना बाल्टिमोरला तीन आठवड्यांच्या उन्हाळी अभ्यासक्रमाला गेले. विषय सार्वजनिक आरोग्य. व्हिसा, शिष्यवृत्ती, बाबांनी सोसायटीतून काढलेलं कर्ज हे सगळं गाळते, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. पहिल्या दिवशी ओळखी झाल्या. मी म्हणाले, "महाराष्ट्र. पुण्याच्या जवळ." परदेशात आपण सगळेच पुण्याच्या किंवा मुंबईच्या जवळचे असतो. शेजारी केनियाची एक नर्स होती. तिनं विचारलं, "जवळ म्हणजे कुठे?" मी जिल्ह्याचं नाव सांगितलं, तर ती खुर्ची वळवून म्हणाली, "जामखेड?"

तिचा उच्चार वेगळा होता, पण शंका घ्यायला जागा नव्हती. तिच्या देशात गावोगावच्या आरोग्यसेविकांना शिकवताना जामखेडचं उदाहरण देतात, असं ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तू पाहिलंयस का ते?" मी हो म्हणाले. स्टँड पाहिला होता, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं.

त्या रात्री खोलीवर मी आपल्याच तालुक्याचा इतिहास इंग्रजीतून वाचला.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं जोडपं. शिक्षण झाल्यावर 1962 ते 1966 ते नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. वडाळा बहिरोबा म्हणजे औरंगाबाद रस्त्यावरचं आपलं नेहमीचं गाव. तिथं त्यांना दिसलं की बरा करून घरी पाठवलेला माणूस काही महिन्यांत तोच आजार घेऊन परत येतो. जुलाब, नारू, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू. यातलं बहुतेक टाळता येण्यासारखं होतं, पण हॉस्पिटलच्या आत बसून नाही. मग फुलब्राइट शिष्यवृत्तीवर दोघं अमेरिकेला गेले. क्लीव्हलंडला पुढचं वैद्यकीय प्रशिक्षण झालं आणि शेवटी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. मी ज्या शहरात सकाळी बेगल खाऊन वर्गात जात होते, त्याच शहरात.

तिथं त्यांना कार्ल टेलर शिकवायला होते. हे टेलरही गमतीशीर प्रकरण आहे. मिशनरी डॉक्टरांचा मुलगा, जन्म भारतातल्या डोंगरातला, पुढं पंजाबातल्या नारंगवालमध्ये गावपातळीवरच्या आरोग्यावर मोठं संशोधन केलेला. म्हणजे वडाळ्याहून निघालेली दोन माणसं अमेरिकेत जाऊन ज्याच्या हाताखाली शिकली, तो स्वतः भारतातली गावं बघून शिकलेला होता. जामखेडच्या प्रकल्पाचा आराखडा या दोघांनी बाल्टिमोरला असतानाच तयार केला आणि 1970 साली परत येऊन काम सुरू केलं.

सगळ्यांना वाटतं की परदेशात शिकून आलेले डॉक्टर म्हणजे मशिनरी घेऊन येणार. आधी यांनीही शिकलेल्या माणसांवरच भिस्त ठेवली होती. गावात प्रशिक्षित नर्स ठेवायची, असा बेत होता. तो फसला. शहरात शिकलेली एकटी तरुण नर्स गावात रुजेना, बायका तिच्याशी मोकळं बोलेनात. तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका घेतल्या. त्यातल्या बऱ्याच निरक्षर, बऱ्याच दलित वस्तीतल्या, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी विधवा. त्या ठरावीक दिवशी जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, जेवायच्या आणि झोपायच्याही एकत्र. मराठ्याची बाई आणि महाराची बाई एका पंगतीत. सत्तरच्या दशकातल्या जामखेड तालुक्यात ही गोष्ट औषधापेक्षा अवघड होती.

1972 चा दुष्काळ आपल्याकडे अजून घराघरात सांगतात, सुकडी आणि मिलो ज्वारीसकट. त्या दुष्काळात जामखेडला बोअर घेताना आरोळ्यांनी त्या शक्यतो दलित वस्तीत घेतल्या. पाणी हवं तर हंडा घेऊन तिकडेच जावं लागणार. भाषण नाही, मोर्चा नाही, फक्त हापशाची जागा. मला हे वाचून आधी हसू आलं आणि मग आमच्या आजोळचा हापसा आठवला. तो कुठे होता, ते मला चांगलं माहीत होतं. तिथंच का होता, हे कधी विचारलं नव्हतं.

सुरुवातीला या भागात हजारी 176 बाळं वर्षाच्या आत दगावायची. पंचवीस वर्षांत प्रकल्पाच्या गावांत हा आकडा तिसाच्या खाली आला. 1975 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण होतं. 1978 ला अल्मा आटा इथं प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला तेव्हा जामखेड हे जगापुढचं उदाहरण होतं, आणि 1979 ला दोघांना मॅगसेसे मिळालं. 1992 पासून जामखेडला रीतसर आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहे. परदेशी विद्यार्थी शिकायला येतात ते तिथं, आणि त्यांना शिकवतात गावच्या बायका.

त्यातल्या एक मुक्ताबाई पोळ. 1988 मध्ये त्या वॉशिंग्टनला एका मोठ्या आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या की डॉक्टर या झुंबरांसारखे, सुंदर पण महाग आणि सगळ्यांना न मिळणारे. मग त्यांनी दोन पणत्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावर दुसरी पेटवून दाखवली. युनिसेफचे तेव्हाचे प्रमुख समोर बसले होते. ही गोष्ट बाल्टिमोरच्या वर्गात सांगितली गेली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

शनिवारी मी आजीला व्हिडिओ कॉल केला. मामाच्या पोरानं फोन तिच्या कानाला लावला, त्यामुळे मला पूर्ण वेळ फक्त कानातली कुडी दिसली.

"आजी, आपल्या गावात जामखेडच्या दवाखान्याची बाई होती का गं?"

"व्हती की. तुझ्या मामाला तिनंच वाचवलं."

मामा दोनेक वर्षांचा असताना जुलाबानं कोमेजून गेला होता. ती बाई आली. एका गाडग्यात मीठ-साखरेचं पाणी केलं आणि थोडं थोडं पाजायला सांगितलं. ती गेल्यावर आजीनं ते पाणी उकिरड्यावर ओतलं.

"का?"

"तिच्या हातचं ना ते."

संध्याकाळी ती परत आली. गाडगं रिकामं, पोराचे डोळे खोल गेलेले. तिला कळलं असणारच. ती आजीला म्हणाली, "वहिनी, पाणी तुमचं, हात तुमचा. मी नुसती सांगते." मग ओट्यावर बसून तिनं सांगितलं, किती मीठ, किती साखर, आणि चव अश्रूंपेक्षा खारट नको. आजीनं घरात पाणी केलं. ती बाई रात्रीपर्यंत ओट्यावरच होती. चहा दिला, पण गोठ्याच्या कोनाड्यातल्या कपात.

"मग नंतर घरात घेतलं का तिला?"

कुडी जरा हलली. "तुझ्या आज्ज्यांना चालत नव्हतं," आजी म्हणाली आणि विचारलं, तिकडं भाकरी मिळती का.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकानं आपापल्या भागातलं एक उदाहरण मांडायचं होतं. मी मामाचं मांडलं. जुलाब, आरोग्यसेविका, मीठ-साखर, वाचलेलं मूल. ओतून दिलेलं पाणी मी गाळलं. कप गाळला. दहा मिनिटांची मर्यादा होती, असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं म्हणजे आठ मिनिटांतच माझं झालं होतं. केनियाची मैत्रीण उभी राहून टाळ्या वाजवत होती. जातीच्या पंगतीबद्दल मी आरोळ्यांच्या गोष्टीत अगदी ठसक्यात बोलले होते. आमच्या ओट्याबद्दल मात्र नाही.

परत आल्यावर डिसेंबरच्या सुट्टीत मी पहिल्यांदा स्टँडवर न थांबता त्या आवारात गेले. एका खोलीत दहा-बारा परदेशी पोरं सतरंजीवर बसली होती. समोर दोन म्हाताऱ्या बायका, नऊवारीत, आणि मध्ये एक दुभाषी. गरोदर बाईचं पोट कसं तपासायचं ते चाललं होतं. पोरं वहीत लिहून घेत होती. मी मागं बसले.

चहाच्या वेळी त्यातल्या एकीनं मला विचारलं, "तू कुठली गं?"

मी आजोळचं गाव सांगितलं. मग कुणाची नात, तेही सांगावं लागलं.

"हां," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावची आमच्यासंगंच शिकायला होती. गेली ती, लई वर्षं झाली." चहाचा घोट घेऊन त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ती सांगायची की तुमच्या ओट्याचं."

त्या रागावल्या नव्हत्या. मी म्हणाले, "मावशी, आजीनं मला सांगितलंय," आणि पुढं काय बोलायचं ते सुचेना.

शेजारची परदेशी मुलगी वही उघडून थांबली होती. काय म्हणाल्या त्या, तिनं मला विचारलं. दुभाषी बाई चहा आणायला गेली होती. ओट्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मी जरा वेळ शोधलं, सापडलं नाही. मग तिला घराबाहेरच्या दगडी बैठकीपासून सुरू करून सगळं सांगितलं. उकिरडाही सांगितला, कपही सांगितला. ती लिहून घेत होती.