छंद : वाचन

मागच्या दिवाळीत आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलं की शाळेची वेबसाइट करायची. ग्रुपमध्ये इंजिनिअर बरेच आहेत, पण बाकीच्यांनी वेळेत मौन पाळलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. शाळा जालन्यातली, मस्तगडापासून चालत दहा मिनिटांवर. मी पुण्यात नोकरीला. त्यामुळे शिक्षकांची माहिती गोळा करायला एक ऑनलाइन फॉर्म बनवला. रकाने पाच : नाव, शिक्षण, अनुभव, शिकवण्यामागचा विचार, छंद.

आठवड्याभरात उत्तरं आली. ‘शिकवण्यामागचा विचार’ या रकान्यात बहुतेकांनी ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’ असं लिहिलं होतं. कुणीतरी एकदा टाइप केलं असणार आणि मग स्टाफरूममध्ये ते फिरलं असणार. छंदाच्या रकान्यात ‘वाचन’. खाली ‘वाचन’. त्याखाली ‘वाचन, प्रवास’. मी हसलो, पण माझ्या स्वतःच्या बायोडेटातही गेली सात वर्षं तेच आहे.

मग एका संध्याकाळी आमच्या इतिहासाच्या सरांचा फोन आला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, तरी ग्रुपवर कुणीतरी त्यांनाही लिंक पाठवली होती.

“अरे, तुझा फॉर्म मला पुढं जाऊ देईना.”

चूक माझीच होती. शिक्षणाच्या रकान्यात मी यादी दिली होती : बी.ए. बी.एड., बी.एस्सी. बी.एड., एम.ए. बी.एड. वगैरे. त्यातलं एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नव्हता. सर नोकरीला लागले तेव्हा त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. पदव्या त्यांनी नोकरी करत करत मिळवल्या, त्याही माझ्या यादीत नसलेल्या क्रमाने.

“मी जाऊ दे,” सर म्हणाले. “तुझ्या ह्या यादीत कुरुंदकर बसतात का, ते आधी बघ.”

नरहर कुरुंदकर हे नाव मला माहीत होतं, म्हणजे ‘श्रीमान योगी’च्या सुरुवातीची ती लांबलचक प्रस्तावना ज्यांची, ते. ते कधीकाळी हायस्कूलमध्ये शिकवत होते हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री वाचायला बसलो आणि वेबसाइट महिनाभर लांबली.

सर आम्हाला आठवीत मस्तगडावर घेऊन गेले होते. सहल वगैरे काही नाही, इतिहासाचा तास होता आणि गड जवळ होता. गड म्हटल्यावर डोळ्यांपुढे रायगड येत असेल तर निराशा होईल. ही सपाटीवरची चौकोनी गढी, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज. गॅझेटियर सांगतं की पहिल्या निजामाच्या, म्हणजे आसफजाहच्या हुकमावरून काबिल खानाने ती १७२५ मध्ये बांधली. तसा फारसी शिलालेखही आहे. सरांनी विचारलं, हे कुणाला वाचता येतं? कुणालाच येत नव्हतं. “तुमच्या पणजोबांच्या काळी हीच अडचण उलटी होती,” ते म्हणाले. “मराठी वाचता येणारा पोरगा शाळेत जाऊन अडाणी ठरायचा.”

तेव्हा मला ते कळलं नव्हतं. निजामाच्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेत विज्ञान, वैद्यक, कायदा शिकवण्याचा तो प्रयोग खरोखर मोठा होता, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पण जालना, परभणी, नांदेडच्या मराठी घरातल्या मुलासाठी उर्दू हीसुद्धा बाहेरचीच भाषा होती. सरकारी शाळेत वरच्या वर्गात गेलं की गणितही उर्दूत. माझे आजोबा शेवटपर्यंत हिशेबाच्या वहीत मध्येच उर्दू आकडे लिहायचे. आम्हाला ती त्यांची लकब वाटायची. पदवी हवी असेल तर हैदराबाद गाठावं लागे. त्यामुळे मराठवाड्यातल्या गावात हायस्कूल हीच ज्ञानाची सर्वांत वरची पायरी, आणि हायस्कूलचा शिक्षक हा गावातला सर्वांत शिकलेला माणूस.

मराठीतून शिकवायचं तर खासगी शाळा काढावी लागे, आणि तिला सरकारी परवानगी लागे. सभा-व्याख्यानांवरही बंधनं होती. तरी शाळा निघाल्या. हैदराबादेत विवेकवर्धिनी, गुलबर्ग्यात नूतन विद्यालय, औरंगाबादेत सरस्वती भुवन, अंबाजोगाईत योगेश्वरी. आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परगा या आडगावात, असहकाराच्या लाटेत १९२१ साली निघालेली राष्ट्रीय शाळा.

या हिप्परग्याला १९२९ साली एक नवा मुख्याध्यापक आला. व्यंकटेश खेडगीकर, वय पंचविशीचं. जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. शिक्षण सोलापूर, अमळनेर, पुण्याचं टिळक महाविद्यालय. एम.ए.साठी प्रबंध लिहिला तो लोकशाहीच्या विकासावर. त्यानंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून काम केलं. म्हणजे देशातल्या कामगार चळवळीच्या अगदी मध्यभागी बसलेला तरुण. तब्येतीने दगा दिला, तो आजारपणातून उठला आणि मुंबई-दिल्लीकडे परत न जाता निजामाच्या राज्यातल्या एका खेड्यात मुलांना शिकवायला आला. माझ्या भाषेत सांगायचं तर मोठी प्रॉडक्ट कंपनी सोडून तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास काढण्यासारखं. मी हे करणार नाही, हे इथेच प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

काही वर्षांत त्यांनी संन्यास घेतला. दीक्षा देणारे नारायण स्वामी हे स्वामी रामतीर्थांचे शिष्य. आणि रामतीर्थ संन्यासापूर्वी कोण होते, तर लाहोरच्या कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. या दीक्षेनंतर खेडगीकर मास्तरांचं नाव झालं स्वामी रामानंद तीर्थ. भगवी वस्त्रं घातली, पण शाळा सोडली नाही. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरीच्या शाळेत मुख्याध्यापक झाले. हिप्परग्यापासूनचे सहकारी बाबासाहेब परांजपे बरोबर होते. हेच परांजपे पुढे १९५२ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून गेले.

औरंगाबादच्या सरकारी शाळेत याच सुमारास गोविंदभाई श्रॉफ शिकवत होते. कलकत्त्याहून गणितात एम.एस्सी. करून आलेले. तेही फार दिवस फक्त गणित शिकवत राहिले नाहीत.

इथे मला एक गोष्ट उमगली. ही माणसं तासाला वर्गात काय शिकवत ते आज नेमकं सांगता येत नाही, आणि कदाचित ते फार वेगळं नसेलही. बीजगणित तेच, इंग्रजीचं व्याकरण तेच. फरक पडत होता तो तास संपल्यावर. वसतिगृह, वाचनालय, गणेशोत्सवातली व्याख्यानं, रात्रीच्या गप्पा. राजकीय सभेला परवानगी नसलेल्या राज्यात शाळेचं मैदान हीच एक जागा उरली होती, जिथे चार माणसं जमली तर विचारणारं कुणी नव्हतं. फॉर्मच्या भाषेत, चौथ्या रकान्यातलं सगळं पाचव्या रकान्यात चाललं होतं.

१९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. परतूर आज आमच्या जालना जिल्ह्यात आहे. मी तिथून रेल्वेने शंभरदा गेलो असेन आणि हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी स्वामीजींनी शाळा सोडली, हैदराबादला गेले आणि स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. पुढची दहा वर्षं आणि १७ सप्टेंबर १९४८ आपण शाळेत शिकतो, निदान १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला तरी जातो. त्या लढ्यात हिप्परगा आणि अंबाजोगाईचे कितीतरी माजी विद्यार्थी होते.

हे वाचताना सारखं एक खटकत होतं, तेही सांगायला हवं. या शाळांच्या कहाण्यांत मुली जवळजवळ दिसत नाहीत. दलित मुलं तर त्याहून कमी. मोठं मन असलेले, घरदार सोडलेले शिक्षकसुद्धा बहुतेक एकाच थरातून आलेले होते आणि शाळा त्यांच्या ओळखीच्या घरांपर्यंतच आधी पोचत होती. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं, ते ही उणीव भरायलाच. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

त्याच १९५० साली स्वामीजींनी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू केलं. राज्य मिळालं, आता कॉलेज. मास्तर शेवटी मास्तरच. आणि इथून सरांचे कुरुंदकर येतात.

नरहर कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ चा, आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नांदापूरचा. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हैदराबादला उस्मानियात मराठीचे प्राध्यापक. भाचा शिकायला त्यांच्याकडे गेला. घरात ग्रंथ, बाहेर मुक्तिसंग्राम, आणि पोरगा दोन्हींत बुडालेला. भालचंद्र महाराज कहाळेकरांना ते आपले गुरू मानत. सगळं काही होत होतं, एक परीक्षा सोडून. इंटरला ते पुन्हा पुन्हा नापास झाले.

तर १९५५ साली नांदेडच्या प्रतिभा निकेतन हायस्कूलमध्ये जो तेवीस वर्षांचा शिक्षक रुजू झाला, त्याच्या नावापुढे पदवी नव्हती. माझ्या यादीत तो बसत नाही. ‘इतर’ असा पर्यायसुद्धा मी ठेवला नव्हता.

हा शिक्षक शाळेच्या वेळेनंतर काय करत होता? भरताचं नाट्यशास्त्र वाचत होता. संगीत ऐकत होता, त्यावर बोलत होता. राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांत मुलांपुढे व्याख्यानं देत होता. आणि आय. ए. रिचर्ड्स या केंब्रिजच्या समीक्षकाशी कागदावर वाद घालत होता. त्या वादाचं ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’ हे पुस्तक झालं. नांदेडमध्ये अशी गोष्ट सांगतात की एम.ए.ला बसलेली मुलं अडलेलं विचारायला या इंटर नापास शिक्षकाकडे यायची. दंतकथा म्हणून सोडून दिली तरी चालेल, पण रिचर्ड्सवरचं पुस्तक तर खरंच आहे.

पुढे ते बी.ए. झाले, एम.ए. झाले आणि १९६३ मध्ये पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले. नंतर तिथलेच प्राचार्य. एका मुख्याध्यापकाने काढलेल्या कॉलेजची सूत्रं एका हायस्कूल शिक्षकाच्या हाती आली. प्राध्यापक झाल्यावरचे कुरुंदकर सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाले : ‘जागर’, ‘शिवरात्र’, मनुस्मृतीवरची व्याख्यानं, गावोगावच्या व्याख्यानमाला. पण मला त्यांच्या लेखनात सगळीकडे हायस्कूलचा शिक्षकच दिसतो. ‘श्रीमान योगी’ची ती प्रस्तावना बघा. मुळात ते रणजित देसाईंना लिहिलेलं पत्र आहे. आधी आपण सगळे शिवाजीबद्दल काय समजतो ते नीट मांडतात, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्यालाही पटेल इतकं नीट. मग एकच प्रश्न विचारतात आणि आपण इतका वेळ ज्यावर उभे होतो ती फरशी हलते. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडून मग ती तपासायची. मी आजवर ऑफिसातल्या कोणत्याही कोड रिव्ह्यूमध्ये हे होताना पाहिलेलं नाही, माझ्याकडूनही नाही.

१० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत, एका कार्यक्रमात व्यासपीठावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. पन्नाशीही झाली नव्हती. स्वामीजी त्याआधी दहा वर्षं, २२ जानेवारी १९७२ ला गेले होते. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. तिथले किती विद्यार्थी त्यांना मुख्याध्यापक म्हणून ओळखतात, कोण जाणे.

आता कुणी म्हणेल, म्हणजे बी.एड. नको, टीईटी नको, कुणालाही शिकवू द्या? नाही. पात्रतेची अट काढली तर दर नापासामागे एक कुरुंदकर निघणार नाही, संस्थाचालकांचे भाचे-पुतणे निघतील. ते आपण बघतोच. शिवाय १९५५ साली मराठवाड्यात पदवीधरच कमी होते, म्हणून त्यांना ती जागा मिळू शकली हेही खरं. मला खुपतंय ते दुसरंच. आज शाळेतल्या शिक्षकाचा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात, मतदार याद्यांत, खिचडीच्या हिशेबात जातो. तास संपल्यावरचा तो वेळ, ज्यात हिप्परगा आणि प्रतिभा निकेतन घडलं, तोच राहिलेला नाही. आणि त्यात माझ्यासारख्याने आणखी एक फॉर्म पाठवलेला.

सरांना परत फोन केला. सांगितलं की शिक्षणाची यादी काढून टाकलीय, तिथे आता मोकळी जागा आहे, काहीही लिहा.

“आणि छंदाला किती अक्षरं बसतात?”

“सर, शंभर ठेवलीत.”

“आमच्या शाळेत एक हस्तलिखित निघायचं, चोवीस वर्षं काढलं मी. तुझी बॅच यायच्या आधी बंद पडलं. त्याचे अंक आहेत माझ्याकडं, माळ्यावर. ते शंभर अक्षरांत कसं सांगू?”

मी मर्यादा काढून टाकली. पुढच्या रविवारी जालन्याला जातोय. सरांच्या माळ्यावर चढायला शिडी शेजारून आणावी लागते, असा त्यांचा मेसेज आलाय.