कारागिराची व्हॅन

कारागिराची व्हॅन : सुतार, प्लंबर, वायरमन, एसी दुरुस्त करणारा, काचा साफ करणारा अशा फिरत्या कारागिरांनी हत्यारे, सुटे भाग आणि कच्चा माल ठेवण्यासाठी आतून खास बांधून घेतलेली बंदिस्त मालवाहू मोटार. ब्रिटनमध्ये स्वतंत्र धंदा करणाऱ्या कारागिराचे हे मुख्य साधन असून गोदाम आणि कार्यशाळा म्हणूनही तिचा उपयोग होतो. आतील बांधणी आणि चोरीपासूनचा बंदोबस्त ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. पहिली फळी ठोकण्यापूर्वीच दोन्हींचा विचार झाला, तर खर्च, वजन आणि धोका तिन्ही कमी होतात.

पूर्वपीठिका : फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने १९४७ मध्ये ‘एच’ व्हॅन आणली. तिची पुढची चाके इंजिनाला जोडलेली असल्याने मागचा तळ सपाट आणि जमिनीपासून कमी उंचीवर राहिला, आत उभे राहता येऊ लागले. जर्मनीत फोक्सवागेन ट्रान्सपोर्टरचे उत्पादन १९५० मध्ये सुरू झाले. ब्रिटनमध्ये १९६५ साली आलेली फोर्ड ट्रान्झिट कारागिरांनी आपलीशी केली. तिचे साउथॅम्प्टन येथील उत्पादन २०१३ मध्ये थांबले. तुर्कस्तानात ते पुढे चालू राहिले.

वजनाचा हिशेब : मोटारीच्या साध्या परवान्यावर ब्रिटनमध्ये सामान्यतः ३,५०० किलो एकूण वजनापर्यंतची व्हॅन चालवता येते. या आकड्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती भारक्षमता. चालकाखेरीज सोबत येणारी माणसे, फळ्या, छतावरची शिडी, हत्यारे आणि माल सारे तिच्यातच बसवावे लागते. १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा आठ बाय चार फुटी एक तुकडा सुमारे २० ते २५ किलो भरतो. काचा साफ करणाऱ्याची ६५० लिटरची टाकी भरली, की पाण्याचेच वजन ६५० किलो होते. अशी टाकी पोलादी चौकटीत बसवून गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळतात, आणि पाणी उसळू नये म्हणून टाकीत आडवे पडदे असतात. जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना समतोल ठेवणे हा मूळ नियम आहे.

आतील बांधणी : प्रथम पत्र्याचे रक्षण होते. भिंतींना पातळ आणि तळाला जाड प्लायवूड बसवतात. तळावर घसरू न देणारा थर दिल्यास ओल्या बुटांनीही पाय निसटत नाही. त्यानंतर चालक आणि माल यांच्यामध्ये पक्की आडभिंत हवी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबली, तर आतली मोकळी पेटी त्याच वेगाने पुढे येते. सुमारे १० मीटर उंचीवरून पडलेल्या पेटीइतका तिचा आघात असतो. मांडणी प्लायवूडची, पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची असते. प्लायवूड स्वस्त पडते आणि हवे तसे कापता येते, ॲल्युमिनियम हलके पण महाग. साहित्य कोणतेही असो, मांडणी नुसत्या पत्र्यात स्क्रू पिळून न बसवता सांगाड्याच्या पट्ट्यांना जोडावी लागते. रोज लागणारी हत्यारे सरकत्या दरवाज्याजवळ आणि लांब पाइप तळालगतच्या मोकळ्या पन्हाळीत ठेवले, की रस्त्यावर उभे राहून सामान उपसावे लागत नाही. माल आवळण्याच्या कड्या कशा असाव्यात याचे निकष आयएसओ २७९५६ (२००९) या मानकात आहेत. भार नीट न बांधल्याने किंवा चुकीच्या जागी ठेवल्याने इतरांना धोका निर्माण होत असेल, तर ब्रिटनच्या १९८८ च्या रस्ता वाहतूक कायद्यानुसार तो गुन्हा ठरतो.

वीज आणि गॅस : २,००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १६० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. म्हणून केबल जाड आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस तळाशी साचतो, तर ॲसिटिलीन हवेपेक्षा किंचित हलका असतो. बंद गाडीत साचलेल्या गॅसला एक ठिणगी पुरते आणि माणूस जिवाला मुकतो. सिलिंडर उभे बांधणे, काम संपताच व्हॉल्व्ह बंद करून रेग्युलेटर काढणे आणि तळाशी व वरही हवा खेळती ठेवणे यांत कुचराई करू नये.

चोरी आणि बंदोबस्त : चोर हँडलखालचा पत्रा भोसकून कुलपाची आतली कळ ओढतात, सरकत्या दरवाज्याचा वरचा भाग वाकवून खाली दुमडतात किंवा किल्लीविना चालू होणाऱ्या गाडीच्या किल्लीचा संदेश उपकरणाने पुढे पोहोचवून ती उघडतात. प्रत्येक वाटेवर वेगळा उपाय लागतो. हँडलमागे जाड पोलादी पट्टी बसवल्यास पहिली वाट अडते. ‘डेडलॉक’ हे मूळ कुलपाहून स्वतंत्र असते आणि त्याची दांडी किल्ली फिरवून चढवावी लागते. ‘स्लॅमलॉक’ दरवाजा ओढताच आपोआप लागते, म्हणून वारंवार चढ-उतार करणाऱ्या कुरियरला ते सोयीचे. मात्र किल्ली आत राहिली तर मालकच बाहेर अडकतो. दरवाजा वाकवण्यावर एकट्या कुलपाचा इलाज चालत नाही. तिथे वरच्या कडेलाही आधार लागतो आणि आत तळाला बोल्टने आवळलेली पोलादी हत्यारपेटी उपयोगी पडते. चावीचा संदेश अडवण्यासाठी तो बाहेर जाऊ न देणारी पिशवी वापरतात.

रात्री मागचे दरवाजे भिंतीला टेकवून गाडी उभी करणे हा बिनखर्ची उपाय आहे. प्रत्येक हत्याराचा अनुक्रमांक आणि छायाचित्र घरी जपून ठेवल्यास सापडलेली वस्तू आपली असल्याचे सिद्ध करता येते. गाडीचा विमा असला, म्हणजे रात्री आत ठेवलेल्या हत्यारांचा विमा असतोच असे नाही. पॉलिसीतील अटी वाचल्याच पाहिजेत. कारण हत्यारे गेली की त्यांच्या किमतीसोबत रोजची मजुरी आणि दिलेल्या शब्दाची पतही जाते.

भारतातील स्थिती : महाराष्ट्रातील शहरांत प्लंबर, वायरमन बहुधा दुचाकीवरच हत्यारांची पिशवी घेऊन फिरतात. जड कामासाठी २००५ मध्ये आलेला टाटा एस म्हणजेच ‘छोटा हत्ती’, तर बंदिस्त गाडी म्हणून मारुती ईको (२०१०) वापरात आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. त्यामुळे आसने काढून मांडणी बसवण्यापेक्षा मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी घेणे श्रेयस्कर. उघड्या हौद्याच्या टेम्पोत दरवाज्याचे कुलूप हा प्रश्नच नसतो. तिथे झाकणाची पोलादी पेटी हौद्याला बोल्टने आवळणे आणि मोलाची यंत्रे रात्री घरात नेणे हाच खात्रीचा बंदोबस्त होय.