जुना फ्लॅश आणि नवा कॅमेरा

अंधारांत छायाचित्र घेणें आरंभीं मोठें धोक्याचें होतें. १८८७ सालीं मीथे व गेडिके या जर्मन संशोधकांनीं सिद्ध केलेल्या मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका प्रसंगीं छायाचित्रकाराच्या भुवयाहि जाळी. पुढें काचेचे बल्ब आले, आणि १९३१ पासून अमेरिकेंत हॅरोल्ड एजर्टन यांनीं विजेचा चमकदिवा घडविला. भडका गेला, दुसराच धोका मागें राहिला.

जुन्या कॅमेऱ्यांत धातूचे दोन तुकडे एकमेकांस टेकले कीं फ्लॅश पेटे. त्यांवर २०० ते ३०० व्होल्टांचा दाब आला तरी बिघडत नसे, म्हणून फ्लॅश करणाऱ्यांनींहि त्याची पर्वा केली नाहीं. डिजिटल कॅमेऱ्यांत तेंच काम नाजूक विद्युत्-मंडल करतें. १९९२ च्या आंतरराष्ट्रीय मानकानें मर्यादा २४ व्होल्टांची घातली. तरी कांहीं कॅमेरे ६ व्होल्टच सोसतात, कांहीं २५० हि. वडिलांच्या पेटींतला फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर नीट बसतो, चमकतोहि. आणि एके दिवशीं कॅमेराच मुका होतो.

बाह्य रूपावरून कांहीं कळत नाहीं. विव्हिटार २८३ च्या आरंभींच्या कित्येक प्रती उच्च दाबाच्या, पुढच्या कमी दाबाच्या. नांव मात्र एकच. म्हणून फ्लॅश पूर्ण भारून त्याच्या पायाचा मधला बिंदु व कडेची धातुपट्टी यांमधील दाब व्होल्टमापकानें मोजावा आणि कॅमेऱ्याच्या पुस्तिकेशीं ताडावा. अधिक भरल्यास तो कॅमेऱ्यास जोडूं नये. दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडानें चालणाऱ्या खटक्यावर दूर ठेवून वापरावा. उघडून पाहण्याच्या भरीस तर कोणीं पडूंच नये. बंद केल्यावरहि आंतल्या संचयकांत शेंकडों व्होल्ट दबा धरून असतात.